घर खाली करण्याच्या दाव्यांचा नकाशा: आधी कोणासाठी, मग कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहणाऱ्या, डेटाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका वाचकाने स्थानिक न्यायालयाच्या संकेतस्थळावरून गेल्या काही वर्षांतले घर खाली करून मागणारे सगळे दावे उतरवून घेतले आहेत. प्रत्येक ओळीत घरमालकाचे नाव, भाडेकरूचे नाव, पत्ता, दावा दाखल झाल्याची तारीख आणि शेवटी काय झाले ते आहे. प्रत्येक दाव्याचा एक ठिपका नकाशावर टाकून तो नकाशा सर्वांसाठी खुला करायचा, म्हणजे अडचणीतल्या भाडेकरूंपर्यंत मदत पोहोचेल, असा त्यांचा विचार आहे. पत्त्यांचे अक्षांश-रेखांश कसे काढावेत, सॉफ्टवेअर कोणते वापरावे आणि रंग कशावरून ठरवावेत, असे त्यांनी विचारले आहे.

मी बरीच वर्षे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकिलांसोबत नेमका हाच डेटा हाताळते. म्हणून तिन्ही प्रश्नांची उत्तरे देईनच, पण त्याआधी एक चौथा प्रश्न घ्यावा लागेल: हा नकाशा कोण, कधी उघडणार आहे आणि तो पाहून काय वेगळे करणार आहे? याचे उत्तर ठरले की रंग, ठिपके, सॉफ्टवेअर हे सगळे जवळजवळ आपोआप ठरते. ते ठरलेले नसेल तर नकाशा देखणा होतो, लोक तो एकमेकांना पाठवतात आणि ज्याच्या दारावर नोटीस चिकटलेली आहे त्याच्या आयुष्यात काहीही फरक पडत नाही.

इथली घाई किती असते हे भारतातून नुकत्याच आलेल्या वाचकाच्या लवकर ध्यानात येत नाही. आपल्या डोक्यात भाडेकरूचा खटला म्हणजे वर्षानुवर्षे चालणारे प्रकरण. इथे भाडे थकल्याची नोटीस, मग दावा, मग तारीख आणि मग शेरीफचा (काउंटीच्या पोलीस अधिकाऱ्याचा) माणूस कुलूप बदलायला, हे सगळे अनेक राज्यांत काही आठवड्यांत उरकते. सुनावणी काही मिनिटांची असते. देशभराची सरासरी पाहिली तर घरमालकांच्या बाजूने शंभरातल्या ८३ दाव्यांत वकील असतो, भाडेकरूंच्या बाजूने शंभरातल्या ४ दाव्यांत, असे भाडेकरूंना वकील मिळण्याच्या हक्कासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे आकडे सांगतात. आणि कितीतरी भाडेकरू तारखेला येतच नाहीत. कोणाला रजा मिळत नाही, कोणाला कागद कळत नाही, कोणी आदल्या दिवशी पैसे भरलेले असतात आणि विषय संपला असे समजून घरी राहतो. मग एकतर्फी निकाल लागतो. म्हणून मदतीच्या दृष्टीने या डेटातला सर्वात मोलाचा रकाना पत्त्याचा नाही, पुढच्या तारखेचा आहे. तुमच्या फाइलमध्ये दाखल झाल्याची तारीख आहे आणि अखेरचा निकाल आहे. मधली सुनावणीची तारीख नाही. न्यायालयाच्या संकेतस्थळावर ती बहुधा दुसऱ्या पानावर असते. ती आधी मिळवा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण तुम्ही राज्याचे नाव दिलेले नाही आणि इथे राज्य बदलले की जवळजवळ सगळेच बदलते. टेक्सासमध्ये हे दावे जस्टिस ऑफ द पीसच्या न्यायालयात चालतात, जॉर्जियात मॅजिस्ट्रेट कोर्टात, व्हर्जिनियात जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात, न्यूयॉर्क शहरात स्वतंत्र हाउसिंग कोर्टात. दाव्याचे नावही निराळे: कुठे अनलॉफुल डिटेनर, कुठे डिस्पझेसरी, नॉर्थ कॅरोलायनात समरी इजेक्टमेंट, मॅसॅच्युसेट्समध्ये समरी प्रोसेस. एकाच राज्यात दोन प्रकारच्या न्यायालयांत दावे जात असतील आणि तुम्ही एकाचेच उतरवून घेतले असतील, तर नकाशातला रिकामा भाग म्हणजे सुखी वस्ती नव्हे, तिथली नोंद तुमच्याकडे आलेलीच नाही. उत्तराची मुदतही अशीच. जॉर्जियात भाडेकरूला सात दिवसांत उत्तर द्यावे लागते. कॅलिफोर्नियात ही मुदत न्यायालयीन कामकाजाचे पाच दिवस होती, १ जानेवारी २०२५ पासून दहा झाली. व्हर्जिनियात पहिल्या तारखेला हजर राहणे हेच मुख्य. मदतीचा क्षण कोणता हे या मुदतींवरून ठरते, आणि तुमचा डेटा किती ताजा हवा हे त्या क्षणावरून. सात दिवसांची मुदत असलेल्या राज्यात महिन्यातून एकदा ताजा होणारा नकाशा हा इतिहासाचा नकाशा आहे.

आणखी एक गोष्ट राज्यावर अवलंबून आहे: तुम्हाला दिसतात ते सगळे दावे आहेत का? कॅलिफोर्नियात २०१७ पासून नियम असा आहे की दाखल झाल्यापासून ६० दिवसांत घरमालकाच्या बाजूने निकाल लागला नाही, तर ती नोंद सर्वसामान्यांसाठी बंदच राहते. नियम चांगला आहे, भाडेकरूचे नाव खराब होत नाही. पण डेटा पाहणाऱ्याने ओळखले पाहिजे की खुल्या नोंदींत प्रामुख्याने घरमालक जिंकलेलेच दावे उरतात. त्यावरून कोणी ‘इथे घरमालक जवळपास नेहमीच जिंकतात’ असे लिहिले तर ते चूक होईल. तुमच्या राज्यात नोंदी कधी झाकल्या जातात, कधी पुसल्या जातात, हे लीगल एडच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेच्या, वकिलाला विचारा. तो दहा मिनिटांत सांगेल.

आता डेटाच्या आत जाऊ, कारण सर्वात जास्त गफलती इथे होतात.

दावा दाखल होणे म्हणजे कोणी घराबाहेर काढले जाणे नव्हे. दाखल होणे, निकाल लागणे, ताबा देण्याचा हुकूम निघणे आणि शेरीफने प्रत्यक्ष कुलूप बदलणे हे चार वेगळे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर माणसे गळतात. काही पैसे भरतात, काही तडजोड करतात, काही आपणच निघून जातात. शेवटच्या टप्प्याची नोंद अनेक ठिकाणी न्यायालयात नसतेच, ती शेरीफच्या कार्यालयात असते. तुमच्या फाइलमधला ‘डिसमिस्ड’ (दावा रद्द) हा शेरा पाहून भाडेकरू वाचला असे समजू नका. घरमालकाने पैसे मिळाल्यावर दावा मागे घेतला असेल, किंवा भाडेकरू सामान उचलून गेला म्हणून मागे घेतला असेल. दोन्हींची नोंद एकच. म्हणून नकाशाच्या शीर्षकात ‘दाखल झालेले दावे’ असेच लिहा. तेवढेच तुम्ही खात्रीने सांगू शकता.

उलट बाजूने, घराबाहेर पडलेली सगळी कुटुंबे न्यायालयात पोहोचतच नाहीत. समाजशास्त्रज्ञ मॅथ्यू डेस्मंड यांच्या पुढाकाराने मिलवॉकीत भाडेकरूंची जी पाहणी झाली, तीत सक्तीने घर सोडावे लागण्याच्या घटनांपैकी जवळजवळ निम्म्या न्यायालयाबाहेरच घडलेल्या होत्या. घरमालक थोडे पैसे हातावर ठेवून जा म्हणतो, दार काढून नेतो, हीटिंग बंद करतो. कागदपत्रांची भीती असलेली स्थलांतरित कुटुंबे तर नोटीस येताच निघून जातात. त्यामुळे नकाशावर फिकट दिसणाऱ्या स्थलांतरितांच्या वस्तीबद्दल मी फार सावधपणे बोलते. तिथे त्रास कमी आहे असे डेटा सांगत नाही, तिथून न्यायालयात कमी दावे येतात एवढेच सांगतो.

मग एकाच घरावर पुन्हा पुन्हा होणारे दावे. प्रिन्स्टन विद्यापीठात घर खाली करण्याच्या दाव्यांचा अभ्यास करणाऱ्या एव्हिक्शन लॅबच्या अंदाजानुसार महामारीपूर्वीच्या सर्वसाधारण वर्षात देशभर सुमारे ३६ लाख दावे दाखल होत, पण त्यांत सापडणारी वेगवेगळी कुटुंबे सुमारे २७ लाख. मधले अंतर या पुनरावृत्तीचे आहे. काही मोठ्या गृहसंकुलांचे व्यवस्थापन महिन्याच्या ठरावीक तारखेला भाडे न आलेल्या प्रत्येकावर दावा लावते. हेतू घर रिकामे करण्याचा नसतो, वसुलीचा असतो. भाडेकरू भाडे भरतो, वर विलंबशुल्क आणि दाव्याचा खर्च भरतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. म्हणून मी नेहमी दोन आकडे काढते: दावे किती आणि वेगळी घरे किती. दोन्हींचे गुणोत्तर इमारतीनिहाय मांडले की वसुलीसाठी न्यायालय वापरणारे मालक लगेच वर येतात. तिथे भाडेकरूला वकिलापेक्षाही भाड्याची तारीख पगाराच्या तारखेनंतर नेण्याची, किंवा विलंबशुल्क कायद्यात बसते का हे तपासण्याची गरज असते. ही मदत वेगळी, ती करणारी माणसेही वेगळी.

२०२० आणि २०२१ ही वर्षे सरासरीत मिसळू नका. महामारीत भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर सीडीसी या केंद्रीय आरोग्यसंस्थेने आणलेली देशव्यापी स्थगिती ४ सप्टेंबर २०२० पासून होती आणि २६ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली. शिवाय राज्यांच्या आपापल्या स्थगित्या होत्या आणि केंद्राकडून भाड्याच्या मदतीसाठी सुमारे ४६ अब्ज डॉलर आले. त्या काळातला उतार आणि नंतरचा चढ यांवरून वस्तीबद्दल निष्कर्ष काढू नयेत.

पत्त्यांबद्दल. तुम्ही विचारलेल्या गोष्टीचे सरळ उत्तर असे की अमेरिकी जनगणना खात्याचा जिओकोडर, म्हणजे पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणारी सेवा, फुकट आहे, एका फाइलमध्ये १०,००० पत्ते घेतो आणि अक्षांश-रेखांशाबरोबर सेन्सस ट्रॅक्टचा (जनगणनेसाठी आखलेल्या छोट्या भागाचा) क्रमांकही देतो. तेवढा पुरतो. खाजगी सेवांचे निकाल कधी कधी अधिक नेमके असतात, पण भाडेकरूंचे पत्ते ‘घर खाली करण्याचा दावा’ या ओळखीसह कोणा कंपनीला देण्याआधी मी दहा वेळा विचार करते. पत्ते पाठवताना नावे आणि खटल्याचे क्रमांक काढून टाका, स्वतःचा एक अनुक्रमांक लावा आणि निकाल आला की परत जोडा. फ्लॅटचा क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवा. जिओकोडरला त्याची गरज नाही, पण घरे मोजताना तुम्हाला लागेल.

न जुळलेले पत्ते टाकून देऊ नका. ते सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात. मोबाइल होम पार्कमधले लॉट क्रमांक, नव्याने उठलेली संकुले, खेड्याकडचे रस्ते, एकाच आवारात बारा इमारती असलेले प्रकल्प, हेच पत्ते सर्वात जास्त अडतात. म्हणजे नेमके ज्यांच्यापर्यंत मदत पोहोचायला हवी, तेच नकाशावरून गळतात. न जुळलेल्यांची यादी काढा, पत्त्यानुसार एकत्र करा. अडलेले बरेचसे पत्ते थोड्याच संकुलांचे असतात आणि ते हाताने बसवता येतात. आणखी एक तपासणी: एखाद्या बिंदूवर दाव्यांचा डोंगर दिसला तर तो घरमालकाच्या वकिलाचा किंवा व्यवस्थापन कंपनीचा पत्ता तर नाही ना, ते पाहा. दुकाने-कार्यालयांवरचे दावेही याच पायरीवर बाजूला काढा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते ती सर्वात फलदायी आहे: प्रत्येक पत्ता काउंटीच्या मालमत्ता-कर नोंदीतल्या प्लॉटशी जोडा. तिथे मालकाचे नाव आणि कराचे बिल जिथे जाते तो टपालाचा पत्ता असतो. दाव्यांत दहा वेगवेगळ्या एलएलसी (मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या) दिसतील, पण टपालाचा पत्ता एकच निघेल. दाव्यावर सही करणारा वकीलही एकच असेल. असे जोडत गेले की विखुरलेले ठिपके मूठभर मालकांच्या नावांखाली गोळा होतात. आमच्याकडच्या वकिलांचे काम सर्वात जास्त बदलले ते याच तक्त्यामुळे. एका मालकाच्या सगळ्या नोटिसांत एकच दोष असेल तर तो दोष एकदा शोधून त्याचा उपयोग अनेक भाडेकरूंना होतो.

याला जोडूनच एक ठोस उपयोग सांगते. महामारीत मदतीसाठी केलेल्या २०२० च्या केअर्स कायद्याच्या कलम ४०२४ मध्ये अशी तरतूद आहे की केंद्र सरकारच्या गृहसाहाय्य योजनेत असलेल्या किंवा केंद्राचा आधार असलेल्या कर्जावर घेतलेल्या मालमत्तेत भाडे थकल्यास घर खाली करायला सांगण्याआधी भाडेकरूला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ही तरतूद अजून लागू आहे का, यावर न्यायालयांत एकमत नाही. काही ठिकाणी ती मानली जाते, काही ठिकाणी नाही. तुमच्याकडे काय चालते ते वकीलच सांगेल. पण इमारत त्या कक्षेत येते का, हा प्रश्न पत्त्याचा आहे आणि तो तुम्ही सोडवू शकता. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जांना केंद्राचा आधार देणाऱ्या दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर पत्ता टाकून बहुघरी इमारतीचे कर्ज त्यांच्याकडे आहे का ते पाहता येते. केंद्रीय गृहनिर्माण खाते सार्वजनिक घरकुले आणि करसवलतीत बांधलेल्या घरांचे नकाशे फुकट देते. दाव्यांच्या यादीपुढे ‘कदाचित ३० दिवसांची नोटीस लागू’ असा एक रकाना तयार झाला की सकाळी फाइल उघडणाऱ्या वकिलाच्या हातात बचावाचा एक मुद्दा तयार असतो. नकाशाने भाडेकरूला मदत होते म्हणजे काय, ते मला इथे सर्वात स्पष्ट दिसते.

आता रंग. ठिपक्यांऐवजी सेन्सस ट्रॅक्ट रंगवा. एका ट्रॅक्टमध्ये साधारण ४,००० माणसे असतात, १,२०० पासून ८,००० पर्यंत. झिप कोड (आपल्या पिन कोडसारखे) टाळा, ते टपाल वाटपाच्या सोयीने पडलेले आहेत आणि एकाच झिपमध्ये बंगल्यांची वसाहत आणि भाड्याची गर्दीची संकुले सहज शेजारी येतात. टाळता येणार नाहीत अशी वेळही येते. फिलाडेल्फियात भाडेकरूंना मोफत वकील देण्याचा कार्यक्रम फेब्रुवारी २०२२ मध्ये १९१२१ आणि १९१३९ या दोन झिप कोडपासून सुरू झाला. न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये हा हक्क मान्य केला तेव्हाही सुरुवात ठरावीक झिपपासूनच केली. तुमची नगर परिषद असा काही विचार करत असेल तर तिला झिपनिहाय आकडे द्या, पण सोबत ट्रॅक्टचा नकाशाही ठेवा, म्हणजे रेषेच्या पलीकडे कोण राहून जाते ते सभागृहात दिसेल.

भागाकार कशाने करायचा? लोकसंख्येने नाही, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांच्या संख्येने. जनगणना खात्याच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या पाहणीच्या पाच वर्षांच्या आकडेवारीत बी२५००३ हा तक्ता आहे, त्यात स्वतःच्या घरात राहणारी आणि भाड्याने राहणारी कुटुंबे वेगळी दिलेली असतात. दर शंभर भाडेकरू कुटुंबांमागे वर्षाला किती दावे, हा तुमचा दर. पण ही पाहणी नमुन्यावर आधारलेली आहे आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्रुटीची मर्यादा छापलेली असते. ती वाचा. समजा एका ट्रॅक्टमध्ये ६० भाडेकरू कुटुंबे आहेत आणि ६ दावे झाले, तर दर १०. शेजारच्या ट्रॅक्टमध्ये १,५०० कुटुंबे आणि ९० दावे, तर दर ६. नकाशावर पहिला ट्रॅक्ट गडद दिसेल आणि स्वयंसेवक तिकडे धावतील. पण दरवाजे ठोठवायचे तर दुसरीकडे ९० आहेत. शिवाय ६० या आकड्याची त्रुटी अधिक-उणे ४० असेल तर तो दर सांगण्यातच अर्थ नाही. मी दोन नकाशे शेजारी ठेवते, एक दराचा आणि एक निव्वळ संख्येचा, आणि भाडेकरू कुटुंबे फार कमी असलेले ट्रॅक्ट राखाडी ठेवते.

ट्रॅक्टच्या सीमा दर दहा वर्षांनी बदलतात. २०१९ च्या आकड्यांना २०१० च्या सीमा लागतात, २०२२ च्या आकड्यांना २०२० च्या. तुमची काउंटी कनेक्टिकटमध्ये असेल तर आणखी काळजी घ्या, तिथे जनगणना खात्याने काउंटीऐवजी नियोजन-विभाग धरायला सुरुवात केल्यामुळे ट्रॅक्टचे पूर्ण क्रमांकच बदलले आहेत. रंगांच्या पायऱ्या सॉफ्टवेअरवर सोपवू नका. ते दर वर्षीच्या डेटाप्रमाणे नव्या पायऱ्या पाडते आणि मग दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. पायऱ्या स्वतः ठरवा आणि कायम ठेवा. सॉफ्टवेअर म्हणाल तर क्यूजीआयएस फुकट आहे आणि या कामाला भरपूर आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर हे उत्तर लिहायला बसले, ती. कृपा करून भाडेकरूंच्या घरांचे ठिपके जाहीर करू नका. नावे काढून टाकली तरी नाही.

न्यायालयाची नोंद खुलीच आहे, मग बिघडले कुठे, असे विचारले जाते. बिघडते ते असे. इथे घर भाड्याने मागणाऱ्याची पार्श्वभूमी तपासून देणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्या दाव्यांच्या नोंदी गोळा करतात. केंद्रीय कायद्याप्रमाणे असा दावा सात वर्षांपर्यंत अहवालात दाखवता येतो. दावा फेटाळला गेला असो, घरमालकाने चुकून लावलेला असो, अनेक ठिकाणी नुसते दाखल होणे पुढचे घर नाकारायला पुरते. न्यायालयाच्या संकेतस्थळावर एकेक नाव शोधावे लागते. तुम्ही ती सगळी एका खुल्या नकाशावर मांडली की शोधण्याचे कष्ट संपतात आणि हा नकाशा भाडेकरूआधी अशा कंपनीच्या कामी येतो. छळ करणाऱ्या जोडीदारापासून लपून राहणारी बाई तर पत्त्यावरूनच सापडते. आणि न्यायालयाने उद्या एखादी नोंद झाकली, तरी तुमच्या प्रतीत ती राहतेच. ज्या माणसाने झगडून आपली नोंद बंद करून घेतली, त्याचा ठिपका तुमच्या नकाशावर तसाच उभा असतो.

म्हणून मी दोन गोष्टी कडेकोट वेगळ्या ठेवते. एक आतली यादी: नाव, पत्ता, सुनावणीची तारीख, मालक, बचावाचे संभाव्य मुद्दे. ती फक्त लीगल एड आणि तिच्याशी लेखी करार केलेल्या संस्थेकडे. तारीख उलटून काम संपले की नावे पुसायची. दुसरा बाहेरचा नकाशा: फक्त ट्रॅक्टनिहाय, आणि एखाद्या ट्रॅक्टमध्ये मोजकेच दावे असतील तर अचूक आकडा न देता ‘५ पेक्षा कमी’ एवढेच. इमारतीचे नाव जाहीर करायचेच असेल तर ते खूप घरे असलेल्या संकुलाचे, जिथून विशिष्ट कुटुंब ओळखता येणार नाही, आणि तेही मालकाच्या वर्तनाविषयी बोलायचे असेल तेव्हा. झाकलेल्या नोंदींसाठी जुने खटले ठरावीक काळाने न्यायालयाच्या संकेतस्थळाशी ताडून पाहायचे आणि तिथे जे दिसत नाही ते आपल्याकडूनही काढायचे.

तुम्ही संकेतस्थळ खरवडून, म्हणजे प्रोग्रॅम लावून, डेटा घेतला आहे, त्याबद्दलही. न्यायालयाच्या क्लार्कला भेटा आणि एकत्रित फाइल मिळेल का विचारा. अनेक क्लार्क देतात, कारण संकेतस्थळावर येणारा ताण त्यांनाही नको असतो. त्या माणसाला शेऱ्यांचे अर्थ माहीत असतात, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या कर्मचाऱ्याने वेगळा संकेत वापरला तेही. शिवाय मोफत कायदेशीर मदतीला केंद्राचा निधी देणाऱ्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनचा दिवाणी न्यायालयांच्या डेटाचा उपक्रम आणि एव्हिक्शन लॅब यांनी तुमची काउंटी आधीच घेतली आहे का ते पाहा. घेतली असेल तर तुमचे निम्मे काम झाले आणि तुमचा वेळ त्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर लावता येईल: प्लॉट, मालक, तारखा.

जुने वंशभेदी कर्जनकाशे (कृष्णवर्णीय वस्त्यांना कर्ज देणे धोक्याचे ठरवणारे) किंवा वांशिक लोकसंख्येचे थर तुमच्या नकाशाखाली टाकावेत का, असाही मोह होईल. विषमता खरी आहे. देशभरात भाडेकरूंपैकी कृष्णवर्णीय एक पंचमांशाहून कमी आहेत, पण ज्यांच्यावर दावे लागतात त्यांत ते निम्म्याहून अधिक, असे एव्हिक्शन लॅब आणि जनगणना खात्याच्या संशोधकांनी नोंदी जोडून दाखवले आहे. नगर परिषदेपुढे हे मांडलेच पाहिजे. पण आडनावावरून वंशाचा अंदाज करून प्रत्येक ओळीला चिकटवू नका, आणि वस्तीला नाव ठेवायला कोणाच्या हाती नवे साधन जाईल असा मथळा देऊ नका. गडद ट्रॅक्टचे वर्णन तिथे राहणाऱ्यांवरून करू नये. तिथल्या दाव्यांपैकी किती दावे पहिल्या पाच मालकांचे आहेत, हे शेजारी लिहिले की वाचणाऱ्याची नजर योग्य ठिकाणी जाते.

सुरुवात कुठून करायची, तर नकाशा बाजूला ठेवून जवळच्या लीगल एड कार्यालयात जे सोमवारी सकाळी फोन घेतात त्यांच्याशी बोला. त्यांना कोणती यादी हाती हवी असते ते विचारा. माझ्या अनुभवात उत्तर असे येते: येत्या दहा दिवसांत तारीख असलेले भाडेकरू, एका संकुलातले एकत्र, कोणती भाषा लागेल याचा अंदाज, आणि संकुल सरकारी साहाय्याचे आहे का. ही यादी छापून दोन स्वयंसेवक एका संध्याकाळी एक अख्खे संकुल पालथे घालू शकतात. संध्याकाळ म्हणते, कारण दिवसा माणसे कामावर असतात. दारात ठेवायच्या पाकिटावर बाहेरून ‘एव्हिक्शन’ हा शब्द नको, शेजाऱ्यांना कळता कामा नये. आत तारीख, वेळ, न्यायालयाची खोली, फोन क्रमांक आणि ‘पैसे भरले असले तरी हजर राहा’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत. कोणाच्या दारी पोहोचलो, कोण तारखेला आले, हे त्याच फाइलमध्ये परत नोंदवा. काही महिन्यांनी तुमच्याकडे वेगळाच नकाशा असेल: कुठे दावे होतात याबरोबरच कुठे आपण पोहोचत नाही याचाही. परिषदेकडे पैसे मागताना मी तोच पुढे करते.

आणि दर आठवड्याला फाइल ताजी केली की एकूण दाव्यांची संख्या क्लार्कच्या संख्येशी ताडून पाहा. न्यायालयाने सॉफ्टवेअर बदलले किंवा पानाची मांडणी बदलली की तुमचा प्रोग्रॅम चूक न दाखवता कमी ओळी आणू लागतो. आलेख खाली जातो आणि सगळे समजतात की दावे घटले. त्या आठवड्यात ज्यांची नावे यादीत आली नाहीत, त्यांच्या दारावर कोणीच जात नाही.